राजनांदगावची गाडी

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत दोन अनोळखी प्रवासी समोरासमोर बसले होते. एक होता अर्नेस्ट वॉर्ड नावाचा फ्री मेथडिस्ट पंथाचा अमेरिकन मिशनरी. दुसरे एकतिशीतले मराठी कवी, नारायण वामन टिळक. नागपुरातला मुक्काम हलवून ते राजनांदगावच्या बैरागी महंतांच्या संस्थानात नोकरीसाठी निघाले होते. बोलता बोलता विषय कवितेवरून धर्मावर आला. उतरण्यापूर्वी वॉर्डने टिळकांच्या हातावर बायबल ठेवले, ते वाचण्याचे वचन घेतले आणि वर भाकीतही केले, की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. गाडीतल्या ओळखीत माणसे बरेच काही बोलून जातात, त्यातलेच हे एक म्हणून सोडून देता आले असते. पण टिळक शब्दाला जागणारे. हातात पेन्सिल घेऊन ते वाचायला बसले. आरंभीच्या पानांनी त्यांचा जीव उबगला, तरी वचन दिले होते म्हणून रेटत राहिले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वॉर्डची मुदत संपण्याच्या आतच.

ही गोष्ट ख्रिस्ती मंडळींत आवडीने सांगितली जाते. सांगताना गाडीवर आणि भाकितावर भर असतो, त्याआधीच्या दोन वर्षांवर फारसा नसतो. ती दोन वर्षे नागपूरची.

टिळक १८९१च्या सुमारास नागपुरात आले ते श्रीमंत अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला. बुटी म्हणजे नागपुरातले बडे सावकार घराणे. शिर्डीत ज्या वाड्यात साईबाबांची समाधी आहे तो बुटीवाडाही याच घराण्यातल्या बापूसाहेबांचा. अप्पासाहेबांच्या पदरी संस्कृत ग्रंथांचे काम होते, आणि त्याच्या जोडीला टिळक ‘ऋषि’ नावाचे मासिक चालवू लागले. मासिक कशासाठी, तर हिंदू धर्मातल्या प्रश्नांचा खल करण्यासाठी. लोकांनी शंका विचारायच्या आणि संपादकाने शास्त्रार्थ सांगायचा. संपादकाच्या स्वतःच्या शंका मात्र कुणी छापत नव्हते. जातिभेद त्यांना पटत नव्हता, मूर्तिपूजेवरचा विश्वास डळमळला होता, स्वतःचाच एखादा नवा धर्म काढावा असेही मनात येऊन गेले होते. नोकरी एका जागी टिकत नव्हती. हातात पैसा आला की वाटेत भेटलेल्या पहिल्या गरजवंताच्या हाती जायचा. या सगळ्याची झळ कुणाला लागत होती, तर घरात बसलेल्या लक्ष्मीबाईंना.

श्रद्धेने अस्थिर आयुष्याला आधार मिळतो, असे म्हणणाऱ्याने टिळकांच्या घरात १८९५ साली काय झाले ते आधी पाहावे. नारायणरावांना जे हवे होते ते सापडले. त्यांच्या मनातली वणवण थांबली. लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन मात्र त्याच दिवशी गेली. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरात लहानगा दत्तू, आणि आजूबाजूला सांत्वनाला येऊन जखम मोठी करणारे नातेवाईक. त्या पंढरपूरला बहिणीच्या घरी राहिल्या. एकाच्या मनाची स्थिरता दुसऱ्याच्या संसाराच्या मोडतोडीतून आली, हा हिशेब टिळकांच्या चरित्रकारांनी थोडा हलक्या हाताने मांडला आहे. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त तो नीट मांडला, आणि तोही रडगाणे न गाता.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे गोखल्यांचे. वडिलांचे सोवळे असे, की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. मीठ धुतल्यावर हाती काय उरणार, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारायचा नाही. पुढे लक्ष्मीबाईंनी हे सगळे इतक्या मिश्कीलपणे लिहिले, की वाचणारा हसतो आणि मग त्याच्या लक्षात येते की या घरातल्या पोरी भीतीत वाढल्या. अशा माहेरात घडलेली बाई नवऱ्याच्या एका बाप्तिस्म्याने ख्रिस्ती होणे शक्यच नव्हते. टिळकांपाशी परत आल्यावरही काही काळ त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे जिथल्या तिथे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. त्यांच्या स्वभावाचा उतावळेपणा लक्षात घेता ही गोष्ट लहान नाही.

लक्ष्मीबाईंत बदल झाला तो हळूहळू, आणि पुस्तकापेक्षा माणसांमुळे. जात देवाने केली की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला. माणसांनी, हे उत्तर आल्यावर कुणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवून टाकले. आधी पाणी प्यायल्या, येशूवरचा विश्वास पुढचा. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते साल भीषण दुष्काळाचे होते आणि टिळकांच्या घरात अनाथ पोरांची रीघ लागलेली होती. ज्या बाईला पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या पोराला घेऊन कुठे जावे हा प्रश्न पडला होता, ती आता दुसऱ्यांची पोरे न्हाऊ-माखू घालत होती. पुढे नगरला प्लेग आला तेव्हा प्लेगच्या छावणीत जाऊन रोग्यांची सेवा करणाऱ्यांतही त्या होत्या.

इथे एक गोष्ट ध्यानात येते. ‘श्रद्धेने मन शांत होते’ हे वाक्य आपण फार सहज वापरतो. लक्ष्मीबाईंचे आयुष्य बाप्तिस्म्यानंतर शांत वगैरे झाले नाही. टिळकांचा हात तसाच सढळ राहिला, मुक्काम तसेच हलत राहिले. घरी मुलासारखा राहिलेला बालकवी ठोंबरे ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ गाडीखाली सापडून गेला. त्याआधी, १९१७ साली, टिळकांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे सगळेच ख्रिस्तभक्त त्यात यावेत ही त्यांची कल्पना. संन्यास घेतला तोही आपल्याच पद्धतीने, बायकोला बरोबर ठेवून! मिशनच्या बांधीव चौकटीत त्यांना पुन्हा घुसमटायला झाले होते, म्हणजे मूळ स्वभाव बदलला नव्हताच. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मागे राहिले ‘ख्रिस्तायन’. येशूचे चरित्र ओवीत गाण्याचा संकल्प त्यांनी केला होता आणि अकराव्या अध्यायाच्या मध्यात लेखणी थांबली होती. गोव्यात १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, त्या परंपरेतले हे काम. स्टीफन्स इंग्लंडातून आलेला विद्वान जेझुइट. लक्ष्मीबाई शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याने अक्षरे गिरवून घेतलेल्या. त्यांनी अकरावा अध्याय पुरा केला आणि त्यापुढे आणखी चौसष्ट लिहिले. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहिला तेव्हा ग्रंथ शहात्तर अध्यायांचा झाला. तो १९३८ साली छापून निघाला. तेव्हा लक्ष्मीबाई नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ला त्या गेल्या होत्या.

वैधव्याच्या सतरा वर्षांत लिहिलेल्या या चौसष्ट अध्यायांना काय म्हणायचे? समीक्षकांनी त्यांच्या काव्यगुणांची मोजदाद केली आहे, ती वाचण्यासारखी आहे. पण एक साधी बाब उरतेच. घर मुंबईहून कराचीला, कराचीहून नाशिकला हलत होते आणि त्या सगळ्यात बाई रोज उठून ओवी जुळवत होत्या. नवऱ्याचे अर्धवट राहिलेले वाक्य पुढे न्यायचे होते. दिलासा ही चीज आयुष्यात पुष्कळदा अशीच येते, हाताला काम म्हणून. जात्यावर बसलेल्या बाईला ओवी सुचते ते काही तिचे दुःख संपलेले असते म्हणून नव्हे.

१९३३ साली नागपुरात मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले, त्याच्या अध्यक्षा लक्ष्मीबाई टिळक होत्या. ज्या शहरात चाळीस वर्षांपूर्वी त्या एका आश्रित पंडिताची बायको म्हणून राहिल्या, तिथे हा मान. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग पुस्तकरूपाने निघायला अजून वर्षभर अवकाश होता.

नागपूरला ख्रिस्ती धर्माची ओळख टिळकांच्या अर्ध्या शतकाआधीची. स्कॉटलंडचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आले तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते, इंग्रजी अंमल नव्हता. कामठीला छावणी, सीताबर्डीला रेसिडेन्सी आणि बाकी तिसऱ्या रघूजींचे नागपूर. हिस्लॉप शाळा चालवत, मराठीत प्रवचन करत आणि उरलेल्या वेळात दगड गोळा करत. शहराजवळच्या टाकळीला काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या शंखशिंपल्यांचे अवशेष सापडतात, ते त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी शोधून जगापुढे ठेवले. लाव्हाच्या एका लोंढ्यानंतर दुसरा येईपर्यंत मध्ये इतका काळ गेला होता, की तिथे तळी झाली, त्यांत गोगलगायी राहिल्या, झाडे उगवली. नागपूरकर ज्याला पक्की जमीन म्हणतात तिची ही हकीकत. गोंडांची लिंगोची कथाही त्यांनी परधान गायकांकडून ऐकून उतरवून घेतली.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटच्या शिळावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना पुराच्या नाल्यात ते बुडाले. शेहेचाळीस पुरी व्हायला चार दिवस कमी होते. तीन वर्षांनी त्यांचे आदिवासींवरचे कागद रिचर्ड टेंपल यांनी छापले; १८८३ला त्यांच्या नावाने कॉलेज निघाले. सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजात शिकलेल्या हजारो नागपूरकरांना या नाल्याची गोष्ट ठाऊक नसते, हे तसे स्वाभाविकच आहे. पण अठरा वर्षे ज्याने ‘देव सांभाळतो’ असे सांगितले, त्याला एका पावसाळी नाल्यापासून देवाने सांभाळले नाही. त्याच्या मंडळीतल्या लोकांनी त्या रविवारी काय गायिले असेल? काहीतरी गायिले असणारच, कारण ख्रिस्ती उपासनेत प्रेत समोर असले तरी गाणे चुकत नाही.

बायबलाबद्दल बाहेरच्या वाचकाचा एक गैरसमज असतो, की ते आश्वासनांचे पुस्तक आहे. स्तोत्रसंहिता उघडून पाहावी. दीडशे स्तोत्रांपैकी मोठा वाटा गाऱ्हाण्यांचा आहे: देवा, किती दिवस, तू झोपलास काय, माझे वैरी हसतात, अशा सुराची. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी एकही आशेची ओळ नाही. संपादन करणाऱ्या कुणा धर्मनिष्ठ हाताने ते वगळले नाही, याचे कौतुक वाटते. तेविसावे स्तोत्र मेंढपाळाचे, सगळ्यांच्या पाठ असलेले, ते या रडण्याकढण्याच्या शेजारीच बांधलेले आहे. मार्काच्या शुभवर्तमानातली वादळाची गोष्टही तशीच. तारवात पाणी शिरते आहे, शिष्य घाबरून गेले आहेत आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोके टेकून झोपला आहे. लोक वादळ शमल्याचे प्रवचन करतात. वाचणाऱ्याला मात्र ती उशी लक्षात राहते, आणि शिष्यांनी चिडून त्याला उठवले हेही. देवावर चिडायची ही मुभा वारकऱ्यांना परकी वाटू नये. नामदेवांनी आणि जनाबाईंनी विठ्ठलाशी कमी भांडण केलेले नाही.

टिळकांनी नेमके हेच ओळखले. मिशनऱ्यांनी आणलेली गाणी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवलेली असत. टिळकांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, ख्रिस्ताला मायबापाच्या भाषेत हाक मारली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. आजही महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीता’त त्यांची पुष्कळ गीते आहेत. घरात मयत झाल्यावर माणसाला तर्क नको असतो, चाल हवी असते, आणि ती आईच्या आवाजात ऐकलेली असली तर अधिक बरे.

सदरपासून मेकोसाबागेपर्यंत नागपुरात रविवारी सकाळी पेटीचा सूर लागतो, ऐंशीच्या घरातली एखादी आजी पुस्तक मांडीवर मिटून डोळे झाकून सगळी कडवी म्हणते, तिच्या शेजारी नातू मोबाइलवर तेच गीत शोधत असतो आणि कडवे संपेपर्यंत त्याला सापडत नाही. तरुणांच्या सभेत गिटार आणि ड्रम असतात, गाणी बरीचशी हिंदी. जुन्या पिढीला हा गलबला वाटतो. तक्रार अगदीच खोटी नाही, पण इंग्रजी चालींना सरावलेल्या कानांना टिळकांचे टाळमृदंगही एके काळी गलबलाच वाटले असतील.

या सभांतला एक प्रकार मात्र जरा सावधपणे घ्यावा. ‘साक्ष’ म्हणून माणूस उभा राहतो आणि सांगतो, नोकरी गेली होती, प्रार्थना केली, आधीपेक्षा बरी नोकरी लागली. सांगणारा खरेच बोलत असतो आणि त्याचा आनंदही खरा असतो. अडचण ऐकणाऱ्यांत बसलेल्याची आहे, ज्याने तितकीच प्रार्थना केली आणि ज्याचा दाखला अजून एमआयडीसीतल्या एखाद्या बंद कारखान्याच्या ऑफिसात अडकला आहे. त्याला उभे राहून साक्ष द्यायला जागा नसते. लक्ष्मीबाईंसारखी बाई तिथे असती तर तिने काहीतरी तिरकस बोलून सभेला हसवले असते आणि त्याला घरी जेवायला नेले असते.

२०२१च्या एप्रिलमध्ये करोनामुळे नागपूरवर जी वेळ आली ती सगळ्यांनी मिळून पाहिली. चर्च बंद, उपासना फोनच्या पडद्यावर, आणि दफनाला चार माणसे. या मंडळींत दुःखाच्या घरी माणसे जमणे हीच मोठी गोष्ट असते. पाळक येतो, वचन वाचतो, शेजारीण चहा करते, कुणीतरी गीत धरते. नेमके तेच बंद झाले. श्रद्धा वैयक्तिक असते असे म्हणणाऱ्यांना त्या महिन्यांत कळले असेल की तिचा किती मोठा भाग सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसण्यात होता.

या शहराला आसरा शोधणारी माणसे नवी नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती याच शहरात. ते पाऊल वेगळ्या वाटेचे, त्याचा अर्थ सामाजिक आणि फार व्यापक, आणि टिळकांच्या एकट्याच्या पेन्सिलीशी त्याची तुलना करायचे कारण नाही. तरी जुने घर सोडून दुसरीकडे उभे राहायला काय लागते, हे नागपूरला समजावून सांगावे लागत नाही.

ख्रिस्ती मंडळींनी तर आपले घर इथेच नव्याने बांधले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरेन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचे युनायटेड चर्च, असे सहा पंथ एक झाले. बोलणी सुरू झाली होती १९२९ साली, लखनौला. बाप्तिस्मा बाळाला द्यायचा की मोठेपणी, बिशप हवा की नको, असल्या प्रश्नांवर एक्केचाळीस वर्षे घासाघीस चालली. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले, म्हणून मेकोसाबागेचे मेथडिस्ट चर्च आजही निराळे. एकीची घोषणा करणाऱ्या शहरातच वेगळेपणाही नांदतो आणि नाताळात दोन्हीकडची पोरे एकमेकांच्या घरी अनारसे आणि करंज्या खातात.

उपासनेच्या शेवटी-शेवटी प्रार्थनेच्या विनंत्या वाचायची पद्धत दोन्हीकडे आहे. चिठ्ठ्या येतात, हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरही. कुणाच्या सासूचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, कुणाची नीटची परीक्षा, दुबईहून पगार न मिळता परतलेला भाऊ, लग्न जमत नसलेली मुलगी, घराच्या रजिस्ट्रीचा वाद. पाळक एकेक वाचतो. एखादे नाव चुकीचे वाचले की मागच्या बाकावरून दुरुस्ती येते, आणि दुरुस्ती झाल्याशिवाय कुणी डोळे मिटत नाही.